तिसऱ्या दगडाखालची पाचर

९ मार्च

दादा,

हे पाकीट न उघडताच फेकायचा तुझा विचार असणार, म्हणून तर वर 'वीज कार्यालय, अंतिम सूचना' असं छापलं. आता उघडलंच आहेस तर वाच.

पत्ता कसा मिळाला? तुझ्या क्रेनच्या यार्डातला एक ड्रायव्हर आमच्या झेरॉक्सच्या दुकानात लायसन्सच्या कॉपी काढायला आला होता. त्याला म्हटलं, मशीन बिघडलंय, आमच्या दादाचा पत्ता ऐकला की सुधारतं. त्यानं पत्ता सांगितला, मशीन सुधारलं.

काम एकच आहे. बाबांना दोन ओळी लिही. 'टेकाडावरचा तिसरा दगड आम्ही दोघांनी ठेवलाय. त्याखाली बसू नका.' खाली सही कर, संपलं. माझ्या सांगण्याची घरात काय पत आहे ते तुला ठाऊकच आहे. शाळेत असताना प्रगतीपुस्तकावर बाबांची सही मीच करायचे, आणि त्यांच्यापेक्षा बरी करायचे.

तुझ्या मागे इथे काय झालं ते सांगते. खदानीमागच्या टेकाडावर आपले दोन दगड होते ना, खालचा माणसापेक्षा उंच आणि वरचा बसलेल्या म्हशीएवढा, मध्ये टेकायला जागा जेमतेम ताटाएवढी. तू सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन तासन्‌तास बसायचास. मी एकदा विचारलं होतं, यात बघायचं काय? तू म्हणालास, 'पडत नाहीत, ते बघायचं.' मला वाटलं, खदानीत राहून तुझ्या डोक्यातही खडीच भरली.

त्या दोनावर आपण तिसरा चढवला. म्हणजे हट्ट माझा आणि घाम तुझा. भूगोलाचे मास्तर दर वर्षी पोरांना तिथे नेऊन सांगायचे, निसर्गानं जे दोन रचले त्यावर तिसरा रचायची माणसाची छाती नाही. मला दोन वर्षं आठवीत ठेवणारा माणूस तो. म्हटलं, दाखवूच छाती. मास्तर ट्रेनिंगला गेले न् आपण भर दुपारी वरच्या उतारावरून दगड सरकवून आणला.

तर तू गेल्यावर कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो पेपरात आला. 'निसर्गाचा तोल, तीन दगडांची उतरंड.' मास्तर परत आले. मला वाटलं आता हे केस उपटतील. दादा, ते म्हणाले, 'तीनच होते! पहिल्यापासून तीन!' त्यांनीच फळ्यावर दोन काढलेले मी पाहिलेत. विचारलं तर म्हणाले, फळ्यावर वर जागा नव्हती.

मग सरकारी कुंपण आलं, पाटी आली आणि राखणदार आला. कोण? आपले बाबा. गुडघ्यामुळे खदानीतून त्यांना बसवलंच होतं. आता खिशावर शिवलेलं नाव, गळ्यात शिट्टी. कोणी पुढे गेलं की म्हणतात, 'हात लावू नका, निसर्गाचं काम चालू आहे.' इतके खूष मी त्यांना कधी पाहिलं नाही. आई म्हणते, 'लग्नातसुद्धा एवढे ताठ उभे नव्हते.'

आणि खुर्ची टाकून बसतात कुठे? त्या टेकाडावर सावली एकच. दगडांची.

आता खरं सांगते. शिव्या मनातल्या मनात दे. तू मला सांगितलं होतंस, 'दगड डुलतोय, खाली दगडाचीच चिप बसव, मी आलो.' चिप बसेना. म्हणून मी बाबांच्या मोडक्या हातोड्याचा दांडा तासला आणि मधल्या दगडाच्या चिरेत, तिसऱ्याच्या बुडाशी ठोकला. वरून चिखल फासला. तू विचारलंस, 'दगडाचीच ना?' मी म्हटलं, 'हो.'

लाकडाची पाचर आहे ती, दादा. कोरडी.

तुझी,
कुरापत

२ एप्रिल

दादा,

या वेळी 'लकी ड्रॉ'चं पाकीट केलंय. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. मिळून गप्प बसलास म्हणजे तू अजून तूच आहेस.

खदानवाल्याच्या घरात जन्मून मी लाकूड ठोकलं! बाबा आपल्याला लहानपणी काय सांगायचे? दगड फोडायचा तर चिरेत वाळकं लाकूड ठोका, वर पाणी ओता आणि घरी जाऊन झोपा. लाकूड पाणी पितं, फुगतं, सकाळी दगड दोन. सुरुंगाची गरज नाही. आणि मी नेमकं तेच करून, वर पाणी ओतायला आख्खा पावसाळा लावून दिला. गेल्या वर्षी पावसाआधी त्या चिरेत ब्लेडचं पातं जायचं. आता माझी करंगळी जाते. अजून एक पावसाळा, की मधला उकलेल आणि वरचा सरळ खाली, खुर्चीवर.

पाचर ओढून काढ म्हणशील. तीच तर त्या दगडाला धरून आहे.

मी बाबांना सांगितलं. नीट, जेवताना, न हसता.

'बाबा, तो तिसरा दगड मी न् दादानं ठेवलाय.'

'बरं. आणि खालचे दोन?'

'ते आधीचेच.'

'हो का? मला वाटलं तेही तूच ठेवलेस. तीन वर्षांची असताना.'

आईला ठसका लागला. मी म्हटलं, शप्पथ. बाबा म्हणाले, 'मागच्या शपथेला माझ्या बुटात बेडूक निघाला होता.' आता बेडूक होता हे खरं आहे, त्याला मी काय करू?

मी म्हटलं, चला, पाचर दाखवते. तर म्हणाले, 'गुडघ्याचं माहीत असून मला त्या उतारावर चढवायचं आणि खाली तुझ्या मैत्रिणी हसायला उभ्या. नको बाई.' तुझं नाव घेतलं तेव्हा मात्र ताटावरून उठले. हात धुतले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं मला डोळ्यांनीच खाल्लं.

मग मी मास्तरांकडे गेले. त्यांनी मला बसवून अर्धा तास वारा, ऊन आणि झीज समजावली. मी म्हटलं, 'सर, वारा पहार घेऊन येतो का? तिथे पहारीच्या खुणा आहेत.' ते म्हणाले, 'बघ, आठवीत लक्ष दिलं असतंस तर त्याला काय म्हणतात ते कळलं असतं.'

डोकं आपटावंसं वाटलं. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा अख्खी वस्ती फसली. एकदा खरं बोलतेय तर कुत्रं विचारत नाही.

दोन ओळी, दादा. दोनच.

कु.

२१ एप्रिल

दादा,

तुझा कागद संपला असेल म्हणून सोबत एक पोस्टकार्ड ठेवलंय. पत्ता घालून. पेन हवं का?

इथलं ऐक. खरं चालत नाही म्हटल्यावर मी माझ्या लाइनला आले. दुकानात पाटी छापली, 'धोका. दरड कोसळण्याची शक्यता. हुकमावरून.' खाली शिक्कापण मारला, बटाट्याचा. सकाळी लावली. दुपारपर्यंत दुप्पट गर्दी. दरड कोसळताना फोटो मिळेल म्हणून लोक कॅमेरे लावून बसले! बाबांनी पाटी काढली, शिक्क्याचा वास घेतला आणि घरी येऊन आईला विचारलं, 'बटाटे किती उरलेत?'

मग बातमी सोडली की दगडाखाली साप आहे. चार पोरं काठ्या घेऊन साप शोधायला दगडाखाली शिरली. मीच ओरडत गेले, 'साप नाहीये, मीच अफवा उठवली होती!' त्यावर पोरं म्हणाली, 'म्हणजे नक्की आहे.'

मग खुर्ची पळवली. बाबा दगडाला टेकून खाली बसले. हे तर आणखी वाईट. खुर्ची परत नेऊन ठेवली. मग उन्हाची छत्री नेली, मोठी, फळवाल्याकडून मागून, आणि कुंपणाबाहेर लावली. म्हटलं, इथे बसा, वारा छान आहे. बाबा बसले, दादा! मला वाटलं जिंकले. दहा मिनिटांनी उठून दगडाखाली गेले. म्हणाले, 'ती सावली कापडाची आहे. ही थंड असते.'

मी तिथेच उभी राहून रडले. ते म्हणाले, 'नाटक छान जमतं तुला.'

एक गोष्ट लिहू? बाबा त्या दगडांना बोट लावत नाहीत. तीस वर्षं दगड फोडून खाल्लं त्यांनी. दगड दिसला की कुठे ठोकला तर फुटेल ते आधी बघायचे. आता संध्याकाळी लोक गेले की एकटे उभे राहून नुसते बघतात. परवा मला म्हणाले, 'न फोडलेला दगड मी पहिल्यांदाच एवढा वेळ बघतोय.' आणि ते बघतात वरच्याकडे. आपल्याकडे.

कार्ड पेटीत टाकायला तिकीटही आणावं लागणार नाही. लावलंय.

कु.

११ मे

दादा,

काल पाऊस पडला. अवकाळी, पंधरा मिनिटं. बाबा आडोशाला कुठे गेले असतील? शाब्बास.

मी दुकान उघडं टाकून पळत गेले. बाबा दगडाखाली उभे, शर्ट कोरडा, हसत होते. 'बघ, छपरापेक्षा बरं.' मी मागून उतारावर चढले. चिरेत आता दोन बोटं जातात. आणि दादा, कान लावला तर आवाज येतो. लाकडी दार ओलं झाल्यावर कुरकुरतं ना, तसा.

तू काय माणूस आहेस? राग माझ्यावर ना? बाबांवर ना? मग ये, थोबाडीत मार, जा परत. पण असं दगड होऊन बसायचं? तुला ते दोन दगड का आवडायचे ते आता कळलं. काही झालं तरी तोंड उघडत नाहीत.

हे लिहिलं, चहा प्यायले, परत वाचलं. पान फाडणार होते, पण नाही फाडत. कारण तोंड न उघडणारी मीच आहे.

आता तीन पत्रं जे टाळलं ते लिहिते. चेनपुली.

खदानीतून एका दुपारपुरती, दगड ओढायला, तू न विचारता आणलेली चेनपुली. दगड जागेवर बसला, साखळी सोडवताना माझ्या हातून सुटली आणि मागच्या कपारीत खोल गेली. आपल्याला काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमानं हजेरीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं, पुली कोणी नेली? तू म्हणालास, 'मी.' कशाला नेली? तू गप्प. कुठे विकली? तू गप्प. मला माहीत आहे का गप्प ते. बोलला असतास तर माझं नाव आलं असतं. आणि बाबा पुढे आले, सगळ्यांसमोर म्हणाले, 'माझ्या घरात चोर नको.'

मी त्या ओट्यापासून दहा पावलांवर होते, दादा. हातात बाबांचा डबा होता. मी डबा घट्ट धरला, बस. एवढंच केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तर चोर डबा घेऊन उभी होती.

त्याच आठवड्यात फोटो आला, पुढच्या महिन्यात बाबांना गुडघ्यामुळे घरी बसवलं आणि मग शिट्टी मिळाली. मी मनाशी म्हटलं, आता सांगितलं तर त्यांचं हेही जाईल. छान कारण मिळालं. वर्षभर तेच चघळतेय.

तुझ्याकडून दोन ओळी का मागत होते? तू लिहिलंस की बाबा ऐकतील, दगड उतरेल आणि त्या ओट्याचं मला काही सांगावं लागणार नाही, म्हणून. काखेत कळसा न् गावाला वळसा. पुरावा त्या कपारीत पडलाय, आणि मी बटाट्याचे शिक्के मारतेय.

तुझ्या पत्राची वाट आता बघत नाही. उद्या सकाळी बाबांना घेऊन जाते.

तुझीच

१३ मे

दादा,

दगड उतरवला.

काल पहाटे बाबांना म्हटलं, 'चला, एक दाखवायचंय. यात बेडूक नाही.' त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काठी घेतली आणि आले. मी कपारीत उतरले, कंबरेला दोर बांधून, दोराचं टोक बाबांच्या हातात. साखळी हाताला लागली. गुडघे सोलले, पण ओढून काढली. गंजून लाल झालीय. हुकाजवळ खदानीचा आकडा ठोकलेला असतो, तो बाबांनी अंगठ्यानं घासला. वाचला. परत घासला.

'विकली नव्हती त्यानं?'

'नाही. माझ्या हातून पडली. हट्ट माझा होता, बाबा. तो माझ्यासाठी गप्प बसला.'

'तू होतीस तिथे. ओट्यापाशी.'

'होते.'

'डबा घेऊन.'

त्यांना डबासुद्धा आठवत होता. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बसले, गुडघा न सांभाळता, धपकन. पुली मांडीवर घेऊन. मी पाचरीचंही सांगून टाकलं, सगळं एका दमात.

मग उठले आणि एकदम खदानीतले बाबा झाले. हात धरून उतारावर चढले. चिरेत बोट घातलं, नाकाशी नेलं. 'माझा दांडा आहे हा. बाभळीचा. भवाने, तुला लाकूडही चांगलंच सापडायचं होतं?' म्हणाले, 'पाऊस लागला असता तर चार दिवस.' मी म्हटलं, ऑफिसात सांगू या, माणसं येतील. तर म्हणतात, 'तुझं कोणी ऐकलं? मी ऐकलं?'

लोक यायच्या आत आम्ही पहारी लावल्या. मी डाव्या बाजूला, ते उजव्या. 'पाचरीला हात नाही लावायचा. आधी दगडाला वाट द्यायची.' मागच्या उताराकडे हळूहळू कलवला. एका क्षणी वजन पहारीवरून गेलंच, हात एकदम हलका झाला. दगड गडगडत गेला, कुंपण तोडून नाल्यात. मधला एकदा डुलला. बाबांनी माझं मनगट धरलं, असं की अजून निळं आहे. मग तो थांबला.

आणि नेमके मास्तर फिरायला आले, मागोमाग आवाज ऐकून चार लोक.

'अहो, काय केलंत हे! हजारो वर्षांचं!'

बाबा म्हणाले, 'पाडला. मी पाडला.'

बस. माझं नाव नाही, तुझं नाव नाही. ओट्यावर तू म्हणाला होतास ना 'मी', अगदी तस्सं. मी ओरडले, 'सर, आम्हीच ठेवला होता, ही पाचर बघा!' मास्तर म्हणाले, 'गप्प बस, ही थट्टेची वेळ नाही.' पाचर त्यांच्या नाकासमोर धरली. म्हणाले, 'आत्ताच ठोकली असणार, पाडायला.' तिथे पूर्ण खरं मी एकटीच बोलत होते आणि जमलेल्यांपैकी एकालाही ते नको होतं.

शिट्टी दुपारी काढून घेतली. शर्ट धुऊन परत द्यायला सांगितलाय.

२० मे

दादा,

पाकिटावर या वेळी काही छापलं नाही.

वस्ती बाबांशी बोलत नाही. मी येईल त्याला सांगते, दुकानात प्रत्येक कॉपीबरोबर सांगते. लोक हसतात. एक बाई म्हणाली, 'बापाला वाचवतेय, गुणी पोर आहे.' मला कोणी गुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही चुकून.

बाबांना त्याचं काही नाही. परवा त्यांनी ती चेनपुली खांद्यावर घेतली. मी म्हटलं, मी धरते, तर नाही म्हणाले. गुडघा ओढत खदानीपर्यंत चालत गेले, हजेरीच्या वेळी. सगळे उभे होते. पुली ओट्यावर ठेवली.

'माझ्या पोरानं चोरली नव्हती. मी इथेच त्याला चोर म्हटलं होतं. म्हणून इथेच सांगतो.'

मुकादम पुलीकडे बघत म्हणाला, 'आता हिचं मी काय करू? गंजलीय.'

'काही करू नको. फक्त सगळ्यांनी ऐकलं ना?'

एकानं हो म्हटलं, मागून. मग मी पुढे झाले आणि माझं सांगितलं. या वेळी हातात डबा नव्हता. कोणी हसलं नाही. बहुतेक बाबा शेजारी उभे होते म्हणून.

येताना आम्ही टेकाडावर गेलो. कुंपण अजून तुटलेलं, माणूस नाही. दोन दगड आहेत. मधल्याची, म्हणजे आता वरच्याची, चीर बाबांनी चुन्यानं भरली, चार जागी, पाणी जाऊ नये म्हणून. राहील का विचारलं तर म्हणाले, 'माझ्या हयातीत राहील. तुझ्या, सांगता येत नाही.' आम्ही बसलो. उन्हातच. वरचा दगड कडेवर असा टेकलाय की आत्ता जाईल, आत्ता जाईल, आणि जात नाही. अर्धा तास गेला तो मला कळला नाही. तिसरा होता तेव्हा बघणाऱ्याला फक्त तिसराच दिसायचा. मी त्यांना म्हटलं, दादा इथे बसायचा. म्हणाले, 'नेमका कुठे?' दाखवलं. तिथे सरकून बसले.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. दुकानातला चांगला, जाड. आईनं दिवा जवळ आणून ठेवला आणि आत जाऊन बसली, आवाज न करता, म्हणजे बघ. दोन संध्याकाळी ते त्या कागदापुढे होते. पेन उघडायचे, टोक टेकवायचे, उचलायचे. मी म्हटलं, 'तुम्ही सांगा, मी लिहिते.' म्हणाले, 'तुझ्या अक्षरात नको.' म्हटलं, 'मग तुमच्या अक्षरात लिहिते, मला येतं.' त्यावर थोडे हसले. मग परत कागदाकडे बघायला लागले.

आज सकाळी चार घड्या घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. 'टाक पाकिटात.'

उघडून बघितला. म्हटलं, 'बाबा, कोरा आहे.'

'माहीत आहे. टाक.'

टाकलाय.